किमो चालू असताना प्लेटलेट कमी होणे : आकडा, धोका आणि घरातली काळजी

चांदणवेल

नमस्कार. घाबरूनच धागा काढतेय, कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

आईची लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किमो चालू आहे. पहिल्या सायकली (किमोच्या फेऱ्या) बऱ्या गेल्या. या वेळी मात्र काल केलेल्या सीबीसीत (रक्तपेशी मोजायच्या तपासणीत) प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, १८,००० आल्यात. पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतायत, दाबले तरी जात नाहीत. बाकी तिला काही त्रास नाही. ताप नाही, जेवतेय, बोलतेय.

डॉक्टरांनी प्लेटलेट चढवल्या नाहीत. म्हणाले, "ताप आला किंवा कुठूनही रक्त दिसलं तर रात्री-अपरात्री या, नाहीतर परवा परत सीबीसी करू." घरात सगळे हवालदिल झालेत. भावाचं म्हणणं, एवढ्या कमी असताना घरी पाठवतातच कसे, दुसरीकडे दाखवू. दीड लाखाच्या खाली गेल्या की धोका, एवढंच आम्हाला ठाऊक. मग १८,००० ला घरी ठेवणं बरोबर आहे का? आणि घरात नेमकं काय सांभाळायचं?

शमी

मी रक्तविकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण त्यांनी जे केलं त्यामागचा विचार सांगता येईल.

निरोगी माणसात दर मायक्रोलिटर रक्तात साधारण १,५०,००० ते ४,५०,००० प्लेटलेट असतात. हा भरपूर शिलकीचा आकडा आहे. ५०,००० च्या वर रोजच्या व्यवहारात आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. १०,००० च्या खाली मात्र कुठे न लागता, न कापता रक्त येण्याचा धोका खरोखर वाढतो.

आता १०,००० हा आकडा आला कुठून ते सांगते, म्हणजे तुमच्या भावाची शंका फिटेल. १९६२ साली ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) रुग्णांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्लेटलेट जितक्या कमी तितका रक्तस्राव जास्त हे त्यात दिसलं, पण 'इथून खाली धोका' अशी ठळक रेघ सापडली नाही. तरी पुढे बरीच वर्षं २०,००० ला प्लेटलेट चढवायची पद्धत पडली. १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २०,००० आणि १०,००० या दोन मर्यादांची तुलना केली. मोठ्या रक्तस्रावात फरक पडला नाही आणि प्लेटलेट चढवण्याचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटलं. मग त्याही चढवू नयेत, रक्त आलं तरच द्याव्यात, असं करून पाहिलं का? हो. २०१३ मध्ये ६०० रुग्णांचा अभ्यास आला. आधीच प्लेटलेट देणाऱ्या गटात ४३ टक्के लोकांना दखलपात्र रक्तस्राव झाला, न देणाऱ्या गटात ५० टक्के लोकांना. म्हणून १०,००० ची मर्यादा टिकून आहे. ती स्थिर रुग्णासाठी आहे. ताप, जंतुसंसर्ग, चालू असलेला रक्तस्राव, गोठण प्रक्रियेत बिघाड, लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणं) किंवा शस्त्रक्रिया यापैकी काही असलं तर मर्यादा वर जाते. मोठ्या शस्त्रक्रियेला साधारण ५०,००० लागतात, मेंदूच्या शस्त्रक्रियेला १,००,०००.

आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. २०१० च्या मोठ्या अभ्यासात रोज सकाळची मोजणी आणि त्या दिवशीचा रक्तस्राव दोन्ही टिपले होते. ५,००० किंवा त्याखाली आकडा असलेल्या दिवसांपैकी २५ टक्के दिवशी दखलपात्र रक्तस्राव झाला. ६,००० ते ८०,००० या सगळ्या पट्ट्यात ते प्रमाण १७ टक्के होतं. म्हणजे १८,००० आहेत की ३५,००० एवढ्यावरून फार काही कळत नाही. माणूस कसा आहे, ताप आहे का, कोणती औषधं चालू आहेत, हिमोग्लोबिन किती आहे, हे पाहावंच लागतं. हिमोग्लोबिन अशासाठी की वाहत्या रक्तात लाल पेशी प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलत असतात. लाल पेशी फार कमी झाल्या तर उरलेल्या प्लेटलेटही नीट काम करू शकत नाहीत.

दुसरीकडे दाखवायला हरकत नाही, तो तुमचा हक्क आहे. पण 'प्लेटलेट चढवल्या नाहीत' हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

चांदणवेल

डॉक्टर, मनापासून आभार. मोठ्याने वाचून दाखवलं घरात. आता भाऊ विचारतोय, या आकड्याची घसरण थांबणार कधी? आणि चढवून घेतल्या असत्या तर नुकसान काय होतं?

शमी

प्लेटलेटचं आयुष्य ८ ते १० दिवसांचं. किमो रक्तातल्या प्लेटलेटना सहसा हात लावत नाही, ती हाडांच्या मज्जेतल्या, म्हणजे रक्तपेशी बनतात त्या कारखान्याचं काम थांबवते. म्हणून औषध दिल्यावर आठवडाभर सगळं ठीक दिसतं, मग घसरण सुरू होते. बहुतेक औषधांत १० ते १४ व्या दिवसाच्या आसपास तळ गाठला जातो आणि नंतर आकडा चढू लागतो. कार्बोप्लॅटिनचा तळ उशिरा येतो, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. लोमुस्टिनसारख्या औषधांचा तर चार ते सहा आठवड्यांनी. आईंच्या औषधांचा तळ कोणत्या दिवशी अपेक्षित आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा आणि त्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करा.

नुकसानाचं म्हणाल तर, चढवलेल्या प्लेटलेट अशा रुग्णात दोन-तीन दिवसच टिकतात. प्रत्येक पिशवीबरोबर थंडी-ताप, अंगावर पित्त, क्वचित जंतुसंसर्ग अशी जोखीम असते. पुन्हा पुन्हा दिल्यावर काहींच्या शरीरात दात्याच्या प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. मग खरी गरज पडते तेव्हा पिशवी लावूनही आकडा हलत नाही.

गवतफूल

चांदणवेल, तुझा धागा वाचून काळजात हललं. माझ्या नवऱ्याला एएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) होता, त्याच्या प्लेटलेट किती तरी आठवडे ३०,००० च्या वर गेल्या नव्हत्या. आज तो बरा आहे, हे आधी सांगते.

घरात काय सांभाळायचं, तर माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बद्धकोष्ठता. उलटी थांबवायच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, कमी हालचाल, सगळ्यांनी पोट घट्ट होतं. मग माणूस कुंथतो. कुंथल्याने गुदद्वाराशी चीर पडते, मूळव्याध असेल तर रक्त सुरू होतं, आणि जोराने कुंथताना डोक्यातला दाबही वाढतो. आम्हाला नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शौचाला एक दिवस जरी झाली नाही तरी फोन करा, रेचक आम्ही ठरवून देऊ. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नाहीत. याबद्दल लाजून गप्प राहणारी माणसं मी वॉर्डात पाहिली आणि फार वाईट वाटायचं. आईला तू रोज स्पष्ट विचारत जा.

दुसरं तोंड. ब्रश अगदी मऊ घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशही बंद, ओल्या मऊ कापसाच्या काडीने पुसायचं. दात कोरणं, फ्लॉस बंद. अल्कोहोलवाले माउथवॉश नकोत, आग होते आणि कातडी कोरडी पडते. कडक, टोकदार, फार गरम काही खायला नको, कवळी सैल असेल तर ती जेवणापुरतीच.

पुरुषांना दाढीसाठी इलेक्ट्रिक शेव्हर. नखं कापताना कातडीजवळ जायचं नाही. घरातही चपला. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवायचा, पायपुसणं घसरणारं नको. पडणं टाळणं सर्वांत महत्त्वाचं, विशेषतः अशक्तपणा असताना. मालिश, अंग दाबून घेणंही या काळात बंद ठेवा.

साधामाणूस

डोकेदुखी, अंगदुखी झाली तर कोणती गोळी चालते? आमच्याकडे वडिलांना कुणीतरी सहज आयबुप्रोफेन दिली होती, तेव्हा डॉक्टर चांगलेच रागावले होते.

शमी

रागावणारच. अ‍ॅस्पिरिन एकदा घेतली की त्या वेळी रक्तात असलेल्या प्लेटलेट मरेपर्यंत निकामी राहतात, म्हणजे परिणाम आठवडा-दहा दिवस. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा परिणाम लवकर उतरतो, पण तेही प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि जठराला इजा करतात. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही ही औषधं लपलेली असतात, पाकिटावरची घटक-नावं वाचा.

पॅरासिटामॉल प्लेटलेटच्या दृष्टीने चालतं. पण ते ताप झाकून टाकतं. म्हणून गोळी द्यायच्या आधी तापमान मोजायचं, आणि ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल तर गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही, आधी फोन. किमोमध्ये पांढऱ्या पेशीही बहुधा कमी असतात, त्यामुळे ताप ही आणीबाणीच समजा.

हृदयविकारासाठी आधीपासून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी ती स्वतःहून बंद करू नये. ती ठेवायची की थांबवायची हे हृदयाचे आणि कॅन्सरचे डॉक्टर मिळून ठरवतात. तसंच इब्रुटिनिबसारखी काही कॅन्सरची औषधं प्लेटलेटचा आकडा चांगला असतानाही रक्तस्राव करू शकतात, तेव्हा 'आकडा बरा आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

ओंजळ

मी निवृत्त नर्स. अगं चांदणवेल, ठिपक्यांविषयी लिहिते. पोटरीवर, घोट्याजवळ ठिपके येणं प्लेटलेट कमी असताना नेहमीचं आहे. उभं राहिल्यावर तिथे दाब जास्त असतो म्हणून तिथे आधी दिसतात. ते डॉक्टरांना कळवायचे, पण त्यासाठी रात्री धावायला नको. तोंडात मात्र रोज टॉर्च मारून बघ. गालाच्या आत, जिभेवर, टाळूला काळसर-लाल रक्ताचे फोड दिसले तर मी ते जास्त गंभीर धरते. कातडीवरच्या ठिपक्यांपेक्षा तोंडातले फोड पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकतात. त्याच दिवशी कळवायचं.

नाकातून रक्त आलं तर तिला बसव, मान पुढे झुकव. मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं आणि किती गेलं कळतही नाही. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून १० ते १५ मिनिटं सलग दाबायचा, मध्ये सोडून बघायचं नाही. लोक दर मिनिटाला सोडून बघतात आणि गुठळी धरतच नाही. एवढं करूनही थांबलं नाही तर दवाखाना. नंतर दोन दिवस नाक शिंकरायचं नाही.

रक्त काढल्यावर त्या जागी पाच मिनिटं तरी स्वतः दाबून धर, नुसती पट्टी लावून निघू नका. दंडात किंवा कुल्ल्यात स्नायूंत इंजेक्शन कुणी देऊ लागलं तर प्लेटलेट कमी आहेत हे आधी सांगायचं. गुदद्वारात थर्मामीटर नाही.

आणि एका मिनिटाचाही विचार न करता निघायचं ते कधी? अचानक जोराची डोकेदुखी, सोबत उलटी, धूसर किंवा दुहेरी दिसणं, बोलणं अडखळणं, गुंगी, झटका. काळी डांबरासारखी शौच किंवा लाल रक्त (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी विचारून घ्यायचं). लाल लघवी. खोकल्यातून, उलटीतून रक्त. आणि डोक्यावर पडली असेल तर काहीही होत नसलं तरी. "ठीक आहे मी" असं ती म्हणेल. तरी न्यायचं, गं.

चांदणवेल

ओंजळमावशी, टॉर्चने बघितलं. फोड नाहीत. डोळ्यांत पाणी आलं तुमचा प्रतिसाद वाचून. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावतेय, रात्री आईजवळ जो कुणी असेल त्याच्यासाठी.

माळरान

प्लेटलेट वाढवायला काय द्यावं? ओळखीच्यांपैकी प्रत्येक जण वेगळा रस, काढा, पावडर सुचवतो.

शमी

किमोने दबलेली मज्जा कुठल्याही रसाने लवकर जागी होत नाही. आकडा वर येतो तो मज्जा सावरते तेव्हा, आणि योगायोगाने त्या आठवड्यात जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. बी१२ किंवा फोलेटची कमतरता तपासणीत निघाली तर ती भरून काढणं वेगळं. पुरेसं अन्न, प्रथिनं, पाणी हवंच. पण अर्क, पावडरी, लसणाच्या किंवा जिन्कोच्या कॅप्सूल, जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन ई डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो आणि काही यकृतात किमोच्या औषधांशी भांडतात. देणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो हे मला ठाऊक आहे. त्यांना रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट देता येतील का हे विचारा, ते खरोखर उपयोगी पडेल.

पाणवठा

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे इथे थोडं लिहायलाच हवं.

लाल रक्ताची पिशवी फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे राहते. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि बहुतेक ठिकाणी पाचच दिवस टिकतात. म्हणून साठा करून ठेवता येत नाही. सुट्ट्यांच्या काळात दाते कमी आले की लगेच टंचाई. आपल्या माणसाचा तळाचा आठवडा माहीत असेल तर दोन-चार दात्यांची आधी तपासणी करून ठेवा, ऐन वेळी धावपळ होत नाही. दान करायच्या आधी दात्याने अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.

पिशव्या दोन प्रकारच्या. एकाच दात्याकडून यंत्राने काढलेली, म्हणजे एसडीपी. एका पिशवीने प्रौढात साधारण ३०,००० ते ६०,००० वाढ अपेक्षित. दुसरी साध्या रक्तदानातून वेगळी केलेली, आरडीपी. एकीने ५,००० ते १०,००० वाढतात, म्हणून अशा चार-सहा एकत्र देतात. पिशवीतल्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या असल्या तर अँटिबॉडी तयार होण्याचा धोका कमी होतो. काही रुग्णांना किरणोत्सर्ग दिलेली पिशवीच लागते, ते डॉक्टर मागणीपत्रावर लिहितात. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांच्या, रक्ताच्या नात्यातल्यांच्या प्लेटलेट घेऊ नयेत. नातेवाईक प्रेमाने रांगेत पुढे येतात, त्यांना हे समजावणं अवघड जातं, पण पुढे भावाचीच मज्जा घ्यायची वेळ आली तर शरीर ती नाकारण्याचा धोका वाढतो.

पिशवी दिल्यावर तासाभरात केलेली मोजणी बरंच सांगते. तेव्हाही आकडा चढला नसेल आणि असं दोनदा झालं असेल तर अँटिबॉडीची तपासणी आणि जुळणारा दाता शोधणं आलं.

रिपोर्टबद्दलही लिहितो. कुठे १.८ लाख लिहितात, कुठे १८०, खाली हजारात असं बारीक अक्षरात. घाबरण्याआधी एकक बघा. आणि आधी चांगला असलेला आकडा कारण नसताना एकदम कोसळला तर एक शक्यता अशीही असते की नळीतल्या ईडीटीए रसायनाने प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या आणि यंत्राने त्या मोजल्याच नाहीत. काचपट्टी बघितली की गुच्छ दिसतात, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजलं की खरा आकडा कळतो.

कातरवेळ

मी स्वतः रुग्ण आहे, त्या बाजूने लिहिते. बायकांनी पाळीबद्दल पहिल्याच भेटीत बोला. मला ल्युकेमियाच्या निदानानंतर पाळी आली ती थांबेचना. हिमोग्लोबिनही त्यातच गेलं. नंतर डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू करून पाळी थांबवून ठेवली, तेव्हा जीवात जीव आला. आकडा खाली जायच्या आधी ही सोय झालेली बरी. टॅम्पॉन वापरू नका, पॅड वापरा, आणि दर तासाला पॅड भिजत असेल तर ताबडतोब कळवा.

दुसरं असं की आकडा कमी असताना मी झोपायला घाबरायचे. झोपेत डोक्यात रक्तस्राव झाला तर, हा विचार सुटायचा नाही. कुणाशी बोलले नाही बरेच दिवस. मग एका रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं की मेंदूतला रक्तस्राव या रुग्णांत क्वचित होतो, आणि तो टाळण्यासाठीच रोज रक्त तपासतो, तापाकडे लक्ष ठेवतो. तेवढ्याने झोप लागली. चांदणवेल, आईच्या मनातही हेच चालू असेल. तिला विचार.

चांदणवेल

कातरवेळताई, विचारलं. अगदी हेच चालू होतं तिच्या मनात. रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.

आज सीबीसी झाली, १४,०००. डॉक्टर म्हणाले तळ गाठतोय, उद्या पुन्हा. १०,००० च्या खाली गेल्या किंवा ताप आला तर चढवू. आता माझे हात कापत नाहीयेत हे बघून मलाच नवल वाटलं.

चांदणवेल

तीन दिवसांनी लिहितेय. प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत. १२,००० वरून १९,००० आणि आज ३१,०००, आपल्या आपण. पण पुढची सायकल ठरल्या तारखेला होणार नाही म्हणतात. उशिराने आजार वाढेल का?

शमी

खूप आनंद झाला. सायकल द्यायला बहुतेक ठिकाणी निदान १,००,००० लागतात, काही योजनांत ७५,०००. सात-आठ दिवसांची वाट पाहणं नेहमी घडतं. दर वेळी असंच होऊ लागलं तर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. जिथे बरं करणं हे ध्येय आहे तिथे मात्रा सहज कमी करत नाहीत, म्हणून थोडा उशीर पत्करतात. आईंच्या बाबतीत ध्येय कोणतं हे डॉक्टरांना थेट विचारा.

पांढऱ्या पेशींसाठी जशी इंजेक्शनं आहेत तसं प्लेटलेटसाठी काही आहे का, हे तुम्ही विचाराल. इंटरल्युकिन-११ वर आधारित ऑप्रेल्व्हेकिनला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली होती, पण अंगात पाणी साठणं, हृदयाची लय बिघडणं अशा त्रासांमुळे ते मागे पडलं. रोमिप्लोस्टिमसारखी औषधं निवडक रुग्णांत, मुख्यतः गाठीच्या (रक्ताच्या नव्हे, अवयवांत गाठ होणाऱ्या) कॅन्सरमध्ये विचारात घेतात. सरसकट नाही.

माळरान

माझ्या काकूंना किमोत पायात गुठळी झाली, रक्त पातळ करायचं हेपॅरिनचं इंजेक्शन चालू आहे. आता त्यांच्या प्लेटलेट ४०,००० आहेत. प्लेटलेट कमी म्हणजे गुठळी होणारच नाही ना? मग इंजेक्शन बंद करावं का?

शमी

नाही, स्वतःहून बंद करू नका. प्लेटलेट कमी असल्या तरी कॅन्सरमध्ये गुठळी होऊ शकते, आकडा तिच्यापासून संरक्षण देत नाही. साधारणपणे ५०,००० च्या वर पूर्ण मात्रा देतात. २५,००० ते ५०,००० मध्ये बऱ्याचदा मात्रा निम्मी करतात, २५,००० च्या खाली तात्पुरती थांबवतात. पण गुठळी पहिल्या महिन्यातली, ताजी असेल तर उलटा विचारही होतो, प्लेटलेट चढवून आकडा ५०,००० च्या आसपास राखतात आणि पूर्ण मात्रा चालू ठेवतात. शिवाय हेपॅरिन सुरू केल्यावर ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या असतील तर हेपॅरिनमुळेच त्या घटल्या का, हे तपासावं लागतं. त्यात उलट गुठळ्या वाढतात. इंजेक्शन कधी सुरू झालं ती तारीख आणि तेव्हापासूनचे सगळे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना गाठा, पुढच्या सीबीसीची वाट पाहू नका.

माळरान

गेल्या आठवड्यातच सुरू झालंय, आणि तेव्हाच्या रिपोर्टमध्ये ९५,००० आहेत! आत्ताच डॉक्टरांना फोन लावतो.

शमी

हो, आत्ताच. पुढचं इंजेक्शन द्यायचं की नाही हेही त्याच फोनवर विचारा.